चिठ्ठी निघेल तो सिनेमा

प्रकल्प: पावसाळी सिनेमा भिशी, प्रतापनगर, नागपूर. वही माझ्याकडे.

२४ जून २०२३, शनिवार

ठरलं एकदाचं. साड्यांची भिशी झाली, भांड्यांची झाली, सोन्याची भाव पाहूनच गुंडाळली. यंदा सिनेमाची. महिन्याला प्रत्येकी पाचशे. चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिने सिनेमा निवडायचा आणि बाकीच्यांनी नाक न मुरडता जायचं. एकदा निघालेली चिठ्ठी परत डब्यात नाही. हिशेब मी ठेवणार, कारण ऑफिसातही मी तेच करते आणि दुसरी कोणी हात वर केला नाही.

मंडळी: वरच्या मजल्यावरच्या काकू (विज्ञान शिकवायच्या, आता रिटायर), महाल भागातल्या माझ्या जाऊबाई, समोरच्या पंजाबी भाभी, ऑफिसातल्या दोघी (एक मूळची यवतमाळकडची, एक अंबाझरी लेआउटमधली) आणि मी. आमच्यातली कोणीच दर शुक्रवारी टॉकीज गाठणारी नाही. वर्षाकाठी एखादा पाहिला तर पाहिला, नाहीतर मोबाइलवर येईपर्यंत थांबायचं, हीच सगळ्यांची रीत.

वहीत तारीख, सिनेमा, तिकीट, खाणं असे रकाने पाडलेत. शेवटी माझा स्वतःचा एक: ‘नाव कोणाचं निघालं’. हॉलमधून पार्किंगपर्यंत येताना बाया पात्राचं नाव घेऊन बोलतात की नटाचं, एवढंच त्यात लिहायचं. ‘सनी देओलने काय मारलं’ म्हटलं तर नट जिंकला. ‘तिने नवऱ्याला तेव्हाच सांगायला हवं होतं’ म्हटलं तर सिनेमा जिंकला. बघू टिकतं का हे.

पहिल्या चिठ्ठीआधी ‘आदिपुरुष’चा विषय निघाला. लागून आठवडा झालाय, मारुतीच्या तोंडचे संवाद लोकांना इतके झोंबले की बदलून पुन्हा लावले. मारुतीसाठी प्रत्येक थेटरात एक खुर्ची रिकामी ठेवायची, असं निर्मात्यांनी जाहीर केलं होतं. भाभींची पोरं सोमवारी जाऊन आली. म्हणे एक कुठली, अर्धं थेटर मारुतीचंच होतं. विषय संपला.

२ जुलै, रविवार

पहिली चिठ्ठी जाऊबाईंची. ‘बाईपण भारी देवा’, केदार शिंदेंचा, परवाच लागला. सहा सख्ख्या बहिणी, एकमेकींशी धड बोलत नाहीत, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. एवढ्यावर अडीच तास कसे निघतील अशी मला शंका होती. निघाले.

कथा पुढे कुठे जाणार ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं. कोण रुसणार, कोण मनवणार, स्पर्धेत काय होणार, सगळं. काही प्रसंग टीव्ही मालिकेतून उचलून आणल्यासारखे आहेत आणि पार्श्वसंगीत आपल्याला रडायची आठवण करून देत राहतं. पण रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते एकमेकींकडे न बघता ज्या बसतात ना, त्या बसण्यात वीस वर्षांचा अबोला आहे. दोघी काही बोलायच्या आतच माझ्या शेजारी जाऊबाईंचा पदर डोळ्याला गेला. त्यांची मोठी बहीण कामठीला असते. बोलणं नाही. कारण विचारायची सोय नाही.

नाव कोणाचं निघालं: एकीचंही नाही! ना पात्राचं, ना नटीचं. ‘ती मोठी’, ‘ती नोकरीवाली’, ‘जिचा नवरा तसा आहे ती’. आणि पार्किंगमध्ये पोचेस्तोवर ‘आपल्या घरात मोठी कोण’ सुरू झालं. रकान्यात काय लिहावं कळेना. ‘आमचीच’ असं लिहिलं.

९ जुलै, रविवार

भिशीबाहेरची फेरी. जाऊबाईंनी माहेरच्या सगळ्या बायांना न्यायचं ठरवलं, तिकिटं मला काढायला सांगितली, म्हणून मीही गेले. आठवड्यात एवढा फरक! दुपारच्या शोला लॉबीत नऊवार, नथी, आणि डोळ्यांवर काळे गॉगल. पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर दोन साठीच्या बायांनी पर्सा खांद्याला तिरप्या अडकवल्या, चपला काढून ठेवल्या आणि फुगडी धरली. फरशी गुळगुळीत. सिक्युरिटीचा पोरगा आधी ‘मॅडम, मॅडम’ करत आला, मग त्यानेच दोरीचा खांब बाजूला सरकवला आणि चपलांपाशी उभा राहिला. मागे कोणीतरी म्हणालं, ‘घे गं, गोल घे, पडून राहिली तू!’

एवढ्या बाया नवऱ्याला न विचारता एका वेळी घराबाहेर पडल्या, ते फक्त सिनेमा चांगला म्हणून नाही. जायला एक ठिकाण मिळालं, आणि ‘सिनेमाला गेली’ म्हटलं की कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. समीक्षकांनी दिलेले स्टार इथे कामाचे नाहीत.

१२ जुलै, बुधवार

हिशेबाची नोंद. काल जीएसटी कौन्सिलने सांगितलं की सिनेमागृहात मिळणाऱ्या खाण्यावर हॉटेलसारखा ५ टक्केच कर, अट एवढीच की ते तिकिटासोबत बांधून विकलेलं नसावं. तिकिटावर मात्र शंभरापर्यंत १२ आणि त्यावर १८ टक्के आहेच. ऑफिसात सगळ्या खूश, पॉपकॉर्न स्वस्त होणार म्हणून. मी गप्प बसले. छापील दर ज्याच्या हातात, त्याने कर कमी झाला म्हणून दर कमी केल्याचं मी वीस वर्षं हिशेब लिहून एकदाही पाहिलं नाही.

भिशीत नवा नियम: खाण्याचा खर्च ज्याचा त्याने. नाहीतर दोन सिनेमांच्या तिकिटाचे पैसे मक्यात जातात.

२३ जुलै, रविवार

काकूंची चिठ्ठी. सगळ्यांना वाटलं काहीतरी देवाधर्माचं निवडतील. अधिक महिना सुरू आहे. काकू म्हणाल्या, ‘ओपनहायमर.’ भाभींनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.

तीन तासांचा इंग्रजी सिनेमा, अणुबाँब बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचा, त्यातही निम्मा वेळ लोक खोलीत बसून एकमेकांची उलटतपासणी घेतात. काही भाग रंगीत, काही काळापांढरा. कोण कोणाच्या विरुद्ध आहे हे कळायला मला मध्यंतर झालं. जाऊबाई मध्यंतराआधी झोपल्या आणि चाचणीच्या वेळी उठल्या, म्हणजे वेळ बरोबर साधली त्यांनी.

ती चाचणी मात्र लिहून ठेवण्यासारखी. १६ जुलै १९४५ची पहाट, न्यू मेक्सिकोचं वाळवंट. पडदा पांढराफट होतो, ज्वाळा वर चढतात, आणि आवाज नाही. अजिबात नाही. फक्त माणसांचा श्वास. मागच्या रांगेतून शिट्टी आली आणि एक जण ओरडला, ‘अबे आवाज चालू कर ना बे!’ दोन-चार जण हसलेही. काकू कानाशी येऊन म्हणाल्या, ‘थांब, येतो. प्रकाश आधी, आवाज मागून. सेकंदाला तीनशे चाळीस मीटर.’ आणि मग तो आला. खुर्ची हलली. शिट्टीवाला पुन्हा बोलला नाही.

खाली उतरताना काकूंनी गणित पूर्ण केलं. ओपनहायमर जिथे थांबला होता ती जागा स्फोटापासून साधारण नऊ किलोमीटर, म्हणजे सव्वीस-सत्तावीस सेकंद लागणार. सिनेमाने ते जास्त ताणलंय. ‘पण ताणलं तेच बरं केलं,’ म्हणाल्या. ‘वर्गात मी हे इतकी वर्षं फळ्यावर सांगितलं. एका पोराच्या अंगावर काटा नाही आला.’

शय्येवर गीतेचा श्लोक वाचायचा जो प्रसंग आहे, त्यावरून बाहेर बराच गदारोळ चाललाय. आमच्यात त्यावर बोललं फक्त एक वाक्य. भाभी म्हणाल्या, दुसरी जागा नव्हती का मिळाली त्यांना.

शेजारच्या हॉलमध्ये ‘बार्बी’ होता, गुलाबी कपड्यातल्या पोरी सेल्फी काढत होत्या. आमची पोरगी मैत्रिणींसोबत तिकडेच. घरी येऊन म्हणाली, हसत गेले आणि चिडून आले. बस, एवढंच सांगितलं.

नाव कोणाचं निघालं: ओपनहायमर. नटाचं नाव एकीलाही धड उच्चारता येत नाही, त्यामुळे हा निकाल पूर्ण खरा मानू नये.

३० जुलै, रविवार

अंबाझरीवालीची चिठ्ठी, ‘रॉकी और रानी’. जाऊबाई आल्या नाहीत, धोंड्याचा महिना, जावई जेवायला येणार होता, अनारसे तळत होत्या. करण जोहरचा आहे म्हणजे घरं विमानतळाएवढी, हे धरूनच चालायचं. रणवीर पहिला तासभर कान किटेपर्यंत बोलतो. पण दुर्गापूजेत तो आणि सासरा दोघं मिळून नाचतात, तिथे हॉलमधले पुरुषही गप्प बसून पाहत होते. धर्मेंद्र आणि शबाना आझमींच्या प्रसंगाला काकूंनी चष्मा पुसला. ‘धुकं आलं,’ म्हणाल्या.

नाव कोणाचं निघालं: नटांचं, सगळ्यांचं, ओळीने.

१३ ऑगस्ट, रविवार

भाभींची चिठ्ठी. दुसरं काही निघणारच नव्हतं: ‘गदर २’. फाळणीवरचा पहिला ‘गदर’ १५ जून २००१ला आला, ‘लगान’ही त्याच दिवशी. भाभी तेव्हा नव्या नवरी होत्या, जरीपटक्याहून ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून सगळं खानदान टॉकीजला गेलं होतं म्हणे. त्यांच्या सासऱ्यांचं बालपण लाहोरकडचं. सासरे पूर्ण सिनेमाभर काही बोलले नाहीत आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत धड.

दुसरा भाग त्या पहिल्याच्या जिवावर उभा आहे. मुलगा सीमेपलीकडे अडकतो, बाप आणायला जातो, पुढे काय ते विचारू नका. मुलाचा भाग कापला तर अर्ध्या तासाने बरा होईल. सनी देओल पडद्यावर येईपर्यंत लोक मोबाइल बघत होते. पहिल्या भागात त्याने हातपंप उपटला होता, इथे तो हातपंपाकडे नुसता वळून बघतो, आणि एवढ्यावर हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. उपटलाच नाही त्याने! न करता टाळ्या घेतल्या. हे दिग्दर्शकाचं डोकं मानलं.

नाव कोणाचं निघालं: इथे माझा रकाना आडवा झाला. एकही जण ‘सनी’ म्हणेना. ‘तारासिंग, तारासिंग.’ पार्किंगवाला पोरगा पावती फाडताना भाभींना विचारतो, ‘तारासिंगनं आणलं ना मग पोराले?’ माझ्या हिशेबाने मग ‘गदर’ जिंकला म्हणायचा. मी पात्र लिहिलं, आणि पुढे पेन्सिलीने लिहिलं की बावीस वर्षं टीव्हीवर दाखवत राहिलं तर कोणतंही पात्र घरचं होतं.

१५ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टी. माझी चिठ्ठी. ‘ओएमजी २’. मुद्दाम निवडला, पोरगी बारावीत आहे म्हणून. आणि नेमकं तिलाच नेता आलं नाही.

उज्जैनचा कांतिशरण, महाकालाच्या देवळाबाहेर दुकान. त्याच्या मुलाचा शाळेत व्हिडिओ निघतो, पोराला तोंड दाखवायला जागा उरत नाही. बाप कोर्टात जातो: शाळेने लैंगिक शिक्षण दिलं नाही म्हणून शाळेवर दावा, आणि आपणही काही सांगितलं नाही म्हणून स्वतःवरही. पंकज त्रिपाठी शुद्ध हिंदीत, आवाज न चढवता, लाजत लाजत उलटतपासणी घेतो. विषय असा की हॉलमध्ये आधी खुसुखुसु हसू, आणि शेवटच्या तासात ते हसू बंद.

सेन्सॉरने यात सत्तावीस बदल सुचवले. अक्षयकुमार शंकर होता, त्याचा शंकराचा दूत झाला. एवढं करून प्रमाणपत्र दिलं ‘ए’. म्हणजे अठरा पूर्ण. दारावर ओळखपत्र बघत होते. ज्या वयाच्या पोरांसाठी केला, त्यांनीच सोडून बाकी सगळ्यांनी पाहायचा. घरी येऊन मी पोरीला कथा सांगितली. भाजी निवडत ऐकली तिने. म्हणाली, ‘आई, तू सांगितलं तेवढं तर आम्हाला माहीत आहे. बाबांना दाखव.’

नाव कोणाचं निघालं: कांतिभाई. न अडखळता, पाचही जणींकडून. अक्षयचं नाव कोणी काढलंच नाही.

२७ ऑगस्ट, रविवार

भिशीबाहेर. सासूबाईंना ‘सुभेदार’ दाखवला. दिग्पाल लांजेकरांच्या शिवराज अष्टकातला पाचवा, तानाजी मालुसऱ्यांचा. अजय पुरकर तानाजी म्हणून शोभतात, लढाया मात्र अंधारात कोण कोणाला मारतंय कळू न देणाऱ्या.

मला वेळापत्रकावर लिहायचंय. नवीन मराठी सिनेमा, तोही पहिला रविवार, आणि आमच्या बाजूच्या एका मल्टिप्लेक्सात शो सकाळी साडेनवाला, नाहीतर रात्री पावणेअकराला. पंचाहत्तरीची बाई कोणत्या शोला येणार? २०१५ साली सरकारने मराठीला प्राइम टाइम द्यायचं म्हटलं, आधी संध्याकाळी सहा ते नऊ. आरडाओरड झाली आणि प्राइम टाइमच दुपारी बारा ते रात्री नऊ असा ताणला. तोही नशिबी नाही. मग म्हणतात मराठीला प्रेक्षक नाही. ‘बाईपण’ला दुपारचे शो मिळाले तर बाया फुगड्या घालत आल्या की नाही? शेवटी दुसऱ्या टोकाच्या टॉकीजला मेट्रोने गेलो. सासूबाईंना सिनेमापेक्षा सीताबर्डीचं मेट्रो स्टेशन जास्त आवडलं, दोनदा सरकत्या जिन्यावरून वर-खाली केलं.

१० सप्टेंबर, रविवार

शेवटची चिठ्ठी यवतमाळवालीची. ‘जवान’. गुरुवारी गोपाळकाल्याला लागला, तेव्हापासून तिकीट मिळत नव्हतं. पोरं सिनेमातल्या शाहरुखसारखी पट्ट्या गुंडाळून, टक्कल दाखवत आलेली. शाहरुखच्या प्रत्येक प्रवेशाला कागदाचे तुकडे उडतात, आणि प्रवेश किती घ्यावेत त्याने! विजय सेतुपतीला मध्येच वापरून सोडून दिलंय. नयनताराचंही तेच.

पण त्या शेतकऱ्याबद्दल लिहायलाच पाहिजे. ट्रॅक्टरचं कर्ज, थकलेला हप्ता, वसुलीवाल्यांनी गावासमोर केलेला अपमान, आणि मग दोर. मोटारीच्या कर्जाला व्याज कमी आणि ट्रॅक्टरला जास्त, हे पडद्यावर इतक्या मोठ्या आवाजात कोणी बोललं नव्हतं. आमच्या रांगेत पलीकडे बसलेल्या पोरांनी तोवर शिट्ट्यांनी कान फोडले होते, तेही दोन मिनिटं शांत. यवतमाळवालीने पॉपकॉर्नचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि हात ओढणीत घेतले.

मेट्रो आधीच ओलीस, मंत्र्याकडे पैशाची मागणी, आणि पुढच्याच मिनिटाला एका शस्त्रांच्या व्यापाऱ्याच्या पैशातून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर खटाखट मेसेज: पैसे जमा. टाळ्या. ती तिथे हसली. मोठ्याने नाही.

परतताना मेट्रोत उभ्या उभ्या बोलली. ‘२०१७च्या कर्जमाफीले बाबांनी ऑनलाइन अर्ज भरला होता ना. अंगठा उमटेचना. कापूस वेचून वेचून रेघाच राहिल्या नाही बोटावर. चार वेळा पाठवलं परत, मशीन घेतच नाही म्हणे. इथं पाहा, एका गाण्याच्या वेळात झालं सगळं.’ मी म्हटलं, सिनेमा आहे. ‘सिनेमाच आहे,’ म्हणाली, ‘पण निदान व्याजाचं तरी बोलला तो. आमच्या गावात हा पाहून येणारे पोट्टे आता तेवढं तरी विचारतील बँकेत.’ मग बराच वेळ बाहेर बघत राहिली.

मला हा सिनेमा आवडला का? तुकड्यांत. मसाल्याच्या सिनेमात खरं दुःख टाकलं की ते पाच मिनिटांत मिटवावं लागतं, नाहीतर पुढचं गाणं सुरू करता येत नाही. तिथे मला राग आला. पण असं दुःख जे सिनेमे पाच मिनिटं सोडून पूर्ण तीन तास दाखवतात, ते आमच्या गावच्या पडद्यापर्यंत येतात कुठे?

नाव कोणाचं निघालं: शाहरुख, शाहरुख, शाहरुख. यवतमाळवालीकडून: ‘तो बाप’.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

काल पोळा, आज मारबत, इडापीडा गावाबाहेर घालवायचे पुतळे. जाऊबाईंच्या गल्लीतून मिरवणूक पाहिली. काळी, पिवळी, मागून बडगे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा. गर्दीत भाभी ओरडल्या, ‘पॉपकॉर्न का रेट घेऊन जा गे मारबत!’ बाजूच्या पोरांनी लगेच उचललं आणि चौकापर्यंत तेच.

२४ सप्टेंबर, रविवार

सिनेमा नाही. परवा रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली. मोरभवन बसस्थानकात एसटी पाण्यात बुडाल्या. आमच्या अंबाझरीवालीच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी. फ्रीज आडवा तरंगत होता. काल दिवसभर सगळ्या जणी तिच्याकडे चिखल उपसत होतो, काकू सुद्धा वायपर घेऊन.

सप्टेंबरची भिशी आणि मागची शिल्लक तिला दिली. ती नको म्हणत होती. जाऊबाईंनी तिची चिठ्ठी पुन्हा लिहून डब्यात टाकली आणि लगेच काढली. ‘तुझीच निघाली, आता काय करतेस?’ गादी आणि शेगडी आली त्यातून. वहीत खर्चाला मथळा काय द्यावा विचार केला, मग ‘इतर’ लिहिलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या राष्ट्रीय सिनेमा दिन, तिकीट ९९ रुपये. भिशीचा शेवटचा खर्च यातूनच. शंभराच्या आत म्हणजे कर १२ टक्क्यांच्या टप्प्यातला, हा आनंद फक्त मलाच झाला. ॲपवर काढलं तर वरून सोयीचे पैसे कापतात, म्हणून यवतमाळवाली दुपारी गाडी काढून खिडकीवर गेली.

काय पाहायचं यावर फोनवर तासभर भांडण. भाभींना ‘जवान’ पुन्हा. काकूंना ‘आत्मपॅम्फ्लेट’: आशीष बेंडेंचं दिग्दर्शन, परेश मोकाशींचं लेखन, फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवलेला. काकूंच्या बाजूने मी. जातीबद्दल हसत हसत बोलतो म्हणतात, तेही शाळकरी पोराच्या तोंडून, मग नागपुरात तो नाही चालला तर कुठे चालेल? पण शो पाहिला तर पुन्हा तेच, भलत्या वेळी एक. अंबाझरीवाली म्हणाली, ‘मी सुट्टी टाकते. घरात बसून भिंतीची ओल पाहून पाहून डोकं फिरलं माझं.’ तिच्यामागे सगळ्यांनीच टाकली. साहेबांना तीन अर्ज एकाच दिवशी दिसतील तेव्हा काय म्हणतील ते उद्या बघू.

तिकिटं आली. मधली रांग नाही मिळाली, दुसरी मिळाली, मान वर करून पाहावं लागेल. दिवाळीत ‘नाळ’चा दुसरा भाग येतोय, पहिल्यातला चैत्या आपल्याकडचं बोलायचा म्हणून सासूबाईंनी आत्ताच नाव नोंदवलंय. म्हणजे पुढच्या भिशीत सात जणी. हप्ता सहाशे करावा असं माझं मत आहे, सोमवारी सांगेन.